सांध्याची जबाबदारी



वीजकामगार, तंत्रशिक्षक आणि तंत्रविषयक लेखन करणारे अशा तिघांचे एकत्र संमेलन पारनेरसारख्या गावी भरावे, आणि ज्याची सारी नोकरी आगगाडीच्या डब्यांतील दिव्यापंख्यांच्या खात्यात गेली अशा माणसाकडे त्याचे अध्यक्षपद यावे, हा मी त्या खात्यात खपलेल्या सर्वांचा गौरव समजतो. पारनेरला रेल्वेचे स्टेशन नाही. येथल्या माणसाला गाडी धरायची तर नगर गाठावे लागते आणि तेथे १८७८ साली सुरू झालेल्या दौंड-मनमाड मार्गाची गाठ पडते. असे असले तरी महाराष्ट्रातील वीज आणि आगगाडी यांचा इतिहास जो कोणी मनापासून लिहील, त्याला या गावाचे नाव टाळून पुढे जाता येणार नाही.

१२ नोव्हेंबर १८८० रोजी याच गावी जन्मलेले पांडुरंग महादेव बापट, ज्यांना महाराष्ट्र सेनापती म्हणून ओळखतो, ते शिष्यवृत्ती मिळवून १९०४ साली विलायतेस गेले आणि एडिंबरोच्या हेरियट-वॉट कॉलेजात दाखल झाले ते यंत्रविद्या शिकण्यासाठी, ही गोष्ट त्यांच्या क्रांतिकार्याच्या तेजापुढे आपल्या स्मरणातून सहसा निसटते. पुढे मुळशी पेट्यात टाटांच्या वीजकंपनीने धरण बांधण्याचे योजिले आणि पन्नासाहून अधिक गावे पाण्याखाली जाण्याचा प्रसंग आला, तेव्हा मावळ्यांच्या बाजूने १९२१ पासून जो सत्याग्रह चालला त्याचे नेतृत्व याच यंत्रविद्येच्या विद्यार्थ्याने केले. आणि डिसेंबर १९२४ मध्ये धरणाच्या कामावरील रेल्वे रुळांवर दगड रचून गाडी अडविल्याबद्दल सात वर्षांची सजाही भोगली. त्या अडवणुकीनंतर अवघ्या दोन महिन्यांनी, ३ फेब्रुवारी १९२५ रोजी, मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसपासून कुर्ल्यापर्यंत हिंदुस्थानातील पहिली विजेची गाडी १,५०० व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर धावली, आणि १९२७ साली मुळशीच्या पाण्यावर भिऱ्याचे वीजगृह चालू झाले. या घटना शेजारी ठेवून पाहाव्यात असे मला नेहमी वाटत आले आहे. वीज येते कोठून आणि तिचे मोल कोण चुकवितो, हा प्रश्न सेनापतींनी सरकारदरबारी आणि भांडवलाच्या दारी खणखणीतपणे विचारला. मी ज्याविषयी आज बोलणार आहे ते त्याच प्रश्नाचे एक लहानसे अंग आहे: गाडीत एकदा आलेली वीज एका डब्यातून दुसऱ्या डब्यात कशी जाते, आणि त्या संक्रमणाचा भार कोणाच्या हातांवर पडतो.

प्रारंभी डब्यांत तेलाचे आणि पुढे गॅसचे दिवे असत. विजेचे दिवे आले तेव्हा एक डबा दुसऱ्या डब्याचा मिंधा नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडातील स्टोन कंपनीने जी पद्धत रूढ केली तिच्यात डब्याखाली टांगलेला डायनॅमो चाकाच्या आसावरून पट्ट्याने फिरत असे, आणि तो अशा बेताने टांगलेला असे की गाडीचा वेग फार वाढला म्हणजे पट्टा थोडा घसरे व डायनॅमोची गती आपोआप आवरली जाई. कोणतेही गुंतागुंतीचे नियंत्रण न योजता केवळ टांगणीच्या जागेने हे साधणे ही कारागिरी मला आजही वंदनीय वाटते. गाडी थांबली की डायनॅमो थांबे आणि बॅटरी दिव्यांचा भार उचले. स्वातंत्र्यानंतर पेरांबूरच्या कारखान्यातील डबे आले, डायनॅमोच्या जागी आल्टरनेटर आला, बिनवातानुकूल डब्यास साडेचार किलोवॅटचा आणि वातानुकूल डब्यास पंचवीस किलोवॅटचा. दाब ११० व्होल्ट ठरला. परंतु मूळ तत्त्व तेच राहिले. प्रत्येक डबा आपली वीज आपण निर्माण करी आणि आपण खर्ची.

तरीही त्या स्वयंपूर्ण डब्यांच्या भिंतींवर दोन्ही टोकांस जोडणीच्या खुंट्या ठेवलेल्या असत, आणि त्यांत माणुसकीची एक तजवीज होती. एखाद्या डब्याचा पट्टा वाटेत तुटला, बॅटरी उतरली, दिवे तांबूस होत होत विझू लागले, तर शेजारच्या डब्यातून केबल टाकून त्याला वीज द्यावयाची. आमच्या खात्यात याला ‘फीड देणे’ म्हणत. रात्रीच्या वेळी एखाद्या मधल्या स्टेशनावर, गाडी सुटण्यास थोडाच अवकाश असताना, दोन डब्यांच्या मधल्या अरुंद जागेत शिरून हातातल्या बत्तीच्या उजेडात धन आणि ऋण टोके न चुकता ओळखणे आणि ती घट्ट आवळणे हे काम ज्यांनी केले आहे, त्यांस ते वर्णन करून सांगण्याची गरज नाही. या पद्धतीत दोन्ही तारा डब्याच्या लोखंडी अंगापासून अलग राखलेल्या असतात. कोठे गळती आहे काय हे पाहण्यासाठी आम्ही दोन सारखे दिवे ओळीने जोडून त्यांचा मधला सांधा डब्याच्या अंगाला लावीत असू. दोन्ही दिवे सारखेच मंद पेटले तर डबा निर्दोष, एक मंदावून दुसरा प्रखर झाला तर मंदावलेल्या दिव्याच्या बाजूची तार कोठेतरी लोखंडास टेकली आहे असे समजावे. दोन दिव्यांच्या या साध्या साधनाने पिढ्यानपिढ्या खलाशी आणि फिटर यांनी डब्यांची परीक्षा केली.

ही व्यवस्था बदलावी लागली ती वातानुकूलनामुळे. सारी गाडीच थंड करावयाची तर आसावरच्या आल्टरनेटरने आणि डब्याखालच्या जड बॅटरीने ते निभणे कठीण. म्हणून १९६९ साली सुरू झालेल्या राजधानी एक्सप्रेससारख्या गाड्यांना वीज निर्माण करणारे स्वतंत्र डबे, ज्यांना सर्वजण पॉवर कार म्हणतात, जोडण्यात आले. त्यांतील डिझेल संचांची वीज अखेरच्या डब्यापर्यंत नेणे हे केबलींचे काम झाले, आणि आज ती ७५० व्होल्टच्या त्रिकला प्रवाहाच्या रूपाने जाते. पुढे जर्मन धर्तीचे एलएचबी डबे आले. २०१८ सालापासून पेरांबूरचे जुन्या आराखड्याचे उत्पादनही थांबले. १९३० पासून धावणाऱ्या दख्खनच्या राणीलाही २०२२ साली हे नवे डबे लाभले. आपल्या तालुक्यात कुकडीचा कालवा येण्यापूर्वी ज्याची त्याची विहीर होती, ती आटली तर एकाचेच शेत सुके. कालव्याचे पाणी आले आणि टेलच्या शेतकऱ्याचे पीक वरच्या प्रत्येक दाराच्या नेकीवर अवलंबून राहिले. गाडीच्या विजेत नेमका हाच पालट घडला आहे. पूर्वी सांधा अडल्या वेळेचा सोबती होता. आता शेवटच्या डब्यात झोपलेल्या प्रवाशाचा वारा आणि उजेड वाटेतल्या प्रत्येक सांध्यातून पार होऊन येतो.

७५० व्होल्टच कशाला, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात, आणि त्याचे उत्तर पाठ करण्यापेक्षा मांडून पाहणे बरे. पाचशे केव्हीए वीज ४१५ व्होल्टच्या दाबाने न्यावयाची तर प्रत्येक तारेतून सुमारे ६९५ अँपियर वाहतात. तीच ७५० व्होल्टने नेली तर सुमारे ३८५. तारेतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे त्याच तारेत पहिल्या प्रकारात ती दुसऱ्याच्या सव्वातीनपट होईल. यासाठी दाब वाढवून प्रवाह उतरविला, आणि प्रत्येक डब्यात रोहित्र बसवून तेथे दाब पुन्हा ४१५ वर आणला. दोन स्वतंत्र फीडर, म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या मुख्य वाहिन्या, साऱ्या गाडीभर नेले ते अशासाठी की एक अडला तर दुसऱ्यावर निदान निकडीचा भार चालावा.

आता त्या सांध्याकडेच जवळून पाहू. दोन डब्यांच्या मधून जी जाड काळी केबल खाली झोळ घेऊन जाते तिच्या टोकाला धातूच्या कवचात बसविलेला कपलर असतो. एका बाजूला पिना, दुसऱ्या बाजूला त्यांना सामावून घेणाऱ्या नळ्या. नवा कपलर उघडला की पिनांचा रंग एकसारखा उजळ दिसतो. पुष्कळ दिवस चाललेला उघडला, आणि तो नीट राखलेला नसला, तर एखादी पीन शेजारच्या दोघींपेक्षा काळपट आढळते, तिच्या मुळाशी निळसर वलय उमटलेले असते, आणि नळीतील स्प्रिंग बोटाने दाबली तर इतरांहून सैल लागते. त्या वलयाचा अर्थ गणिताने स्पष्ट होतो. स्पर्शस्थानी एका ओहमचा केवळ सहस्रांश इतका रोध शिल्लक राहिला आणि तेथून ३८५ अँपियर वाहिले, तर त्या मुठीएवढ्या बंद जागेत सुमारे १४८ वॅट उष्णता सतत निर्माण होते आणि तिला बाहेर पडण्यास वाट नसते. उष्णतेने स्प्रिंग आणखी ढिली पडते, ढिली पडल्याने रोध वाढतो, रोधाने पुन्हा उष्णता वाढते. हे चक्र आरंभीच तोडावयाचे असेल तर सुटी तार, वाकलेली पीन, गॅस्केटच्या फटीतून शिरलेली घाटातली धूळ किंवा डबे धुताना आत गेलेले पाणी हे ज्याच्या नजरेस वेळेवर पडते, तो माणूस डबे तपासण्याच्या पिट लाइनवर हजर पाहिजे. केबलीचा झोळही हिशेबाचा असतो: तो आखूड पडला तर वळणावर कपलर ओढला जातो, लांब झाला तर खाली घासतो. या गोष्टी कागदावरही लिहिल्या जातात, पण त्या हाताला कळल्याशिवाय उपयोगाच्या नाहीत.

याच कपलरात मुख्य पिनांसोबत काही बारीक पिना असतात, त्यांना पायलट म्हणतात. त्या मुद्दाम आखूड ठेवलेल्या असतात, यासाठी की जोडताना त्यांचा स्पर्श सर्वांत शेवटी व्हावा आणि सोडविताना सर्वांत आधी तुटावा. सांधा पुरता बसल्याखेरीज मुख्य पुरवठा सुरू होऊ नये, आणि कोणी चालू असताना तो उपटू पाहिलाच तर मुख्य पिना अलग होण्यापूर्वी पुरवठा बंद व्हावा, एवढा विवेक त्या चिमुकल्या पिनांत साठविलेला आहे. कधी गाडी खोळंबली, पायलटचा दोष सापडेना, वरून घाई झाली, आणि कोणी त्या पिनांना परस्पर तार जोडून वाट काढण्याचे सुचविले, तर माझ्या बंधूंनो, तो हुकूम कोणाचाही असो, तो मानू नका. त्या आखूड पिनांच्या पलीकडे उभा असतो तो आपलाच एखादा सोबती, आणि त्याचे हात उघडे असतात.

अलीकडच्या काळात पॉवर कारचे बरेचसे काम इंजिनाने उचलले आहे. वरच्या तारेतील २५ हजार व्होल्टची वीज इंजिनाच्या रोहित्राच्या स्वतंत्र वेटोळ्यातून काढून, परिवर्तकातून ७५० व्होल्टची करून, ती थेट डब्यांकडे सोडतात. डिझेल वाचते, धूर आणि गर्जना टळतात, आणि एक पॉवर कार केवळ राखीव उरते. हा बदल मी मनःपूर्वक स्वागतार्ह मानतो. परंतु त्यामुळे इंजिन आणि पहिला डबा यांमधील सांधा साऱ्या गाडीचा मुख्य दरवाजा बनला आहे, आणि जेथे जेथे इंजिन बदलते किंवा टोक पालटते तेथे तेथे तो उघडावा लागतो. नगरकडून पुण्याकडे जाणाऱ्या ज्या गाड्या दौंडच्या जोडमार्गाने न जाता दौंड स्टेशनात येतात, त्यांचे इंजिन एका टोकाचे काढून दुसऱ्या टोकास लावतात, हे आपणांपैकी अनेकांनी पाहिले असेल. तेवढ्या अवधीत चालकाने पुरवठा बंद केल्याची खातरजमा करावयाची, फीडर सोडवावयाचे, टोपणे बसवावयाची, आणि दुसऱ्या टोकाला सर्व क्रम उलट करावयाचा. डब्यात त्या वेळी मोजके दिवे बॅटरीवर जळत असतात, आणि एसी का थांबला म्हणून प्रवासी एकमेकांस विचारीत असतात. खाली फलाटाच्या कडेला कोण काय करीत आहे याची त्यांस वार्ता नसते.

मला जे सांगावयाचे आहे ते हेच की वीज जितकी सामायिक झाली तितकी सांध्याची जबाबदारी वाढली, आणि जबाबदारी जितकी वाढली तितकी त्या जागी उभ्या असलेल्या कारागिराच्या शिक्षणाची तरतूद मात्र आपण वाढविली नाही. परिपत्रके येतात ती बहुधा इंग्रजीत, आकृत्या येतात त्या अपुऱ्या, आणि जे खरे ज्ञान आहे, कोणत्या पिनेचा रंग कसा दिसला म्हणजे संशय घ्यावा, पावसाळ्यात तारांचे विद्युतरोधन मोजणारा मेगर काय दाखवितो आणि उन्हात काय, ते जुना फिटर निवृत्त झाला की त्याच्याबरोबर घरी जाते. मी आमच्या खात्यातील अत्यंत हुशार माणसे पाहिली आहेत ज्यांनी आयुष्यात एक पानही लिहिले नाही, कारण त्यांना ते लिहावे असे कधी कोणी म्हटलेच नाही. हे नुकसान लहान नाही. आता या कामात मुलीही येऊ लागल्या आहेत. त्यांना तर हे ज्ञान कानोकानी मिळण्याचा मार्गही पुष्कळदा मोकळा नसतो.

म्हणून विषयनियामक समितीपुढे मी दोन ठराव ठेवले आहेत. आपल्या जिल्ह्यातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून वीजतंत्रीच्या वर्गाला रेल्वेकडून बाद झालेले कपलर मिळावेत आणि प्रत्येक विद्यार्थ्याने ते स्वतः उघडून, पुसून, मेगरने तपासून पुन्हा जोडावेत, अशी विनंती संमेलनाने संबंधित खात्यांस करावी, हा पहिला. दुसरा असा की चालू आणि निवृत्त कारागिरांकडून त्यांच्या अनुभवांची टिपणे मराठीत लिहवून घ्यावीत. ज्याला लिहिणे जमत नाही त्याच्याजवळ बसून येथील शिक्षकांनी ती उतरून घ्यावीत, आणि प्रत्येक टिपणाखाली सांगणाऱ्याचे नाव घालावे. यासाठी पैशाची फार गरज नाही. वेळेची आहे, आणि विचारण्याची आहे. दौंड, मनमाड आणि नगर येथे राहणाऱ्या निवृत्त मंडळींची यादी करण्याचे काम तीन प्रतिनिधींनी कालच पत्करले आहे. ज्यांच्या ओळखीत असे कोणी असतील त्यांनी त्यांचे पत्ते दुपारच्या सत्रापूर्वी चिटणिसांकडे द्यावेत.