उरलेलं पुस्तक कोण पुरं करणार?

हिंगणघाटहून तुमच्याशी बोलते आहे. कापूस वेचून आल्या असाल, चुलीवर भात असेल. हातातलं काम चालू ठेवा, कान मात्र इकडे असू द्या.

पोलिसातून निवृत्त झालेला एखादा माणूस येशूवर पुस्तकं लिहू लागला, की लोक म्हणतात, "आता या वयात हे काय?" आपल्या गटातली साठीची एक बाईही परवा तेच म्हणाली, "सही येते तेवढं पुरे. आता काय लिहायचं माझं?" तिच्यासाठी आज लक्ष्मीबाई टिळकांची गोष्ट सांगते.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा. माहेर कडक सोवळ्याओवळ्याचं. अकराव्या वर्षी लग्न झालं. शाळा पाहिलेली नाही. अक्षरं नवऱ्यानं शिकवली. नवरा म्हणजे कवी नारायण वामन टिळक. काही वर्षं हे कुटुंब आपल्या नागपुरातही राहिलं. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका साहेबानं टिळकांना बायबल दिलं, आणि १८९५ साली ते ख्रिस्ती झाले.

बायांनो, त्या बाईचं काय झालं असेल? नवरा जिवंत, पण संसार मोडलेला. पोराला घेऊन त्या काही वर्षं वेगळ्या राहिल्या. पुढं पुन्हा एकत्र आल्या, तरी कितीतरी दिवस आपलं सोवळं त्यांनी सोडलं नाही. मग हळूहळू मनातली जातपात गळून पडली, आणि १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. तो नवऱ्याच्या धाकानं नाही, स्वतःला पटल्यावर घेतला.

टिळकांनी येशूचं चरित्र ओव्यांमध्ये लिहायला घेतलं होतं. नाव 'ख्रिस्तायन'. दहा अध्याय झाले आणि १९१९ साली ते गेले. लक्ष्मीबाईंची तेव्हा पन्नाशी उलटलेली. पदरी शाळेचा एक दाखला नाही. पण त्या बसल्या, आणि पुढचे ६४ अध्याय लिहून काढले. नवऱ्याचे दहा, बायकोचे चौसष्ट! १९३३ साली नागपूरच्या ख्रिस्ती साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्षा झाल्या. नंतर त्यांच्या आठवणी 'स्मृतिचित्रे' या नावानं छापल्या गेल्या. घरातली भांडणं, फजिती, दुःख, सगळं त्यात आपण बोलतो तशा बोलीत आहे. आजही लोक ते पुस्तक हसत-रडत वाचतात.

आपला धर्म कोणताही असो, बाईनं घ्यायचं ते एवढंच : लिहायला दाखला लागत नाही, वयही आड येत नाही. सांगण्यासारखं असावं लागतं, आणि ते आपल्यापाशी रगड आहे.

तर पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं एक पान आणायचं. माहेरची विहीर, पहिली मजुरी, सासूचा एखादा शब्द, काहीही चालेल. लिहिता येत नसेल तर तुम्ही सांगा, लेक-नात लिहून घेईल. चुका झाल्या तरी हरकत नाही.

आणि हो, ती साठीची बाई ऐकत असेल तर तिला सांगते : मावशे, पहिलं पान तुझं.