एसईसीचा दबदबा कुणाच्या जोरावर?

आजचे सामने रेकॉर्डिंगला लावून इथे आलेल्या क्रीडालेखक मित्रमैत्रिणींनो,

संमेलनाध्यक्षाने भाषेची आणि वाचनसंस्कृतीची चिंता वाहायची असा आपल्याकडे प्रघात आहे. ती चिंता उद्घाटकांनी मघाशी भरपूर वाहिली, तेव्हा मी तुमच्या परवानगीने थेट मैदानात उतरतो. संमेलन अटलांटात भरलंय. दर डिसेंबरात कॉलेज फुटबॉलमधल्या साउथईस्टर्न कॉन्फरन्सचा, म्हणजे एसईसीचा, अंतिम सामना याच शहरात होतो. आपल्यातल्या कित्येकांची मुलं अथेन्सला, ऑबर्नला, टस्कलूसाला शिकतात आणि सुट्टीत घरी येतात ती त्या त्या संघाची टोपी घालूनच. त्यामुळे इथल्या मराठी घरांतही आता शनिवारची भांडणं होतात. त्या भांडणात मी आज अधिकृतपणे तेल ओतणार आहे.

प्रश्न साधा आहे. अमेरिकेच्या कॉलेज फुटबॉलमध्ये एसईसीने जो दबदबा निर्माण केला, तो कुठल्या संघांच्या जोरावर? आपल्याकडच्या लेखांत याचं उत्तर ठरलेलं असतं : अलाबामा आणि तिचे माजी प्रशिक्षक निक सेबन. मला हे उत्तर निम्मंच पटतं, आणि उरलेल्या निम्म्यासाठीच मी उभा आहे.

आधी हिशेब मांडू. २००६ ते २०१२ या सात हंगामांत राष्ट्रीय विजेतेपद एसईसीबाहेर गेलंच नाही. २००६ आणि २००८ फ्लोरिडा, २००७ लुइझियाना स्टेट (एलएसयू), २०१० ऑबर्न आणि २००९, २०११, २०१२ अलाबामा. सात वर्षं, चार संघ. अलाबामा काढून टाका, तरी चार विजेतेपदं उरतात. आणि ज्या कॉन्फरन्सचे हे चौघे, तिथेच व्हँडरबिल्ट आहे, केंटकी आहे, दोन्ही मिसिसिपी आहेत. त्यांचा या सातात वाटा नाही, पण विजयानंतर ‘एस-ई-सी’ असा गजर सगळेच करतात. ज्याच्याकडून आपण दर वर्षी मार खातो, तो बाहेरच्याला मारतो तेव्हा छाती फुगवायची, ही दक्षिणेतली खास गंमत आहे. उत्तरेकडच्या बिग टेन कॉन्फरन्समध्ये मिशिगनवाला ओहायो स्टेटसाठी टाळी वाजवताना मी तरी पाहिलेला नाही.

ही कॉन्फरन्स १९३२ च्या डिसेंबरात तेरा विद्यापीठांनी स्थापन केली. तिच्या पहिल्या साठ वर्षांत मोठे संघ होतेच. प्रशिक्षक बेअर ब्रायंट यांनी अलाबामाला सहा राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून दिली, १९८० मध्ये हर्शेल वॉकरच्या जोरावर जॉर्जिया जिंकली. पण ते एकेकट्याचे पराक्रम होते. शिवाय त्या काळाचा एक काळा कोपरा आहे, तो झाकून हा इतिहास सांगता येत नाही. १९६७ मध्ये केंटकीचा नेट नॉर्थिंग्टन मैदानात उतरेपर्यंत एसईसीच्या सामन्यात एकही कृष्णवर्णीय खेळाडू खेळलेला नव्हता. दक्षिणेतली ही गुणवान पोरं उत्तरेला जात. साठच्या दशकातल्या मिशिगन स्टेटच्या दणकट संघात टेक्सासचा बब्बा स्मिथ होता, साउथ कॅरोलायनाचा जॉर्ज वेब्स्टर होता. म्हणजे आपल्या घरची पोरं दारातून परत पाठवायची आणि शेजाऱ्याला विजेता करायचं, असा तो उद्योग होता.

सप्टेंबर १९७० मध्ये सदर्न कॅलिफोर्नियाने बर्मिंगहॅमला येऊन अलाबामाला ४२-२१ असं धुतलं. सॅम कनिंगहॅम या कृष्णवर्णीय खेळाडूने त्या रात्री १३५ यार्ड धाव घेतली. त्या एका सामन्याने अलाबामाचे डोळे उघडले, अशी दंतकथा इथे अजून रंगवून सांगतात. लेखक म्हणून आपण ती जपून वापरावी. विल्बर जॅक्सन या कृष्णवर्णीय मुलाला अलाबामाने त्या सामन्याआधीच शिष्यवृत्ती दिलेली होती, पहिल्या वर्षाच्या मुलांना खेळायची परवानगी नसल्याने तो मैदानाबाहेर होता इतकंच. तरीही मूळ मुद्दा पक्का आहे : दक्षिणेची पोरं दक्षिणेत राहू लागली, तेव्हाच या कॉन्फरन्सचा पाया भरला. २००७ पासून एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघांच्या खेळाडू-निवडीत, दर वर्षी सर्वाधिक खेळाडू एसईसीचे निघत आले, त्याचं मूळ इथे आहे.

पाया झाला. इमारत कुणी चढवली? इथे मी फ्लोरिडाचं नाव घेतो, आणि मागच्या रांगेतल्या अलाबामावाल्यांच्या कपाळावर आठ्या पडलेल्या मला इथूनही दिसतायत.

१९३३ पासून १९९० पर्यंत फ्लोरिडाच्या नावावर एसईसीचं एकही अधिकृत विजेतेपद नव्हतं. १९८४ मध्ये जिंकलेलं नियमभंगापायी काढून घेतलं गेलं. १९९० मध्ये स्टीव्ह स्परियर प्रशिक्षक म्हणून परतले. हे त्याच विद्यापीठाचे क्वार्टरबॅक, १९६६ चे हाइझमन, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या पुरस्काराचे, विजेते. तोवर एसईसीत खेळायची रीत ठरलेली होती : चेंडू पोटाशी धरून धावायचं, बचाव भक्कम ठेवायचा आणि १३-१० ने जिंकून घरी जायचं. स्परियर पहिल्या डावापासून चेंडू हवेत फेकू लागले. पन्नास गुण झाले तरी थांबेनात आणि वर प्रतिस्पर्ध्यांना पत्रकार परिषदेत टोमणे मारू लागले. १९९१ मध्ये पहिलं विजेतेपद, मग १९९३ ते १९९६ सलग चार, आणि १९९६ च्या हंगामाअखेर फ्लोरिडा स्टेटला ५२-२० ने हरवून राष्ट्रीय विजेतेपद.

माझ्या दृष्टीने महत्त्वाचं आहे ते फ्लोरिडाने इतरांचं काय केलं ते. टेनेसी १९९३ ते १९९७ सलग पाच वर्षं फ्लोरिडाकडून हरली. पेटन मॅनिंगसारखा क्वार्टरबॅक असताना हरली. पास अडवायला वेगवान कोपऱ्यातले बचावपटू हवेत आणि क्वार्टरबॅकला उसंत मिळू न देणारी पोरं हवीत, हे त्या पाच पराभवांनी शिकवलं. मॅनिंग निघून गेल्यावर १९९८ मध्ये नॉक्सव्हिलला टेनेसीने फ्लोरिडाला जादा वेळेत २०-१७ असं हरवलं आणि त्याच हंगामात बीसीएस या तेव्हाच्या नव्या पद्धतीने ठरलेलं पहिलं राष्ट्रीय विजेतेपद पटकावलं. फ्लोरिडाला हरवण्याइतका तयार झालेला संघ देशात कुणालाही हरवू शकत होता.

आपल्या ओळखीचं उदाहरण द्यायचं तर १९५८-५९ पासून सलग पंधरा वर्षं रणजी करंडक जिंकणारी मुंबई आठवा. तो करंडक अनेकदा ब्रेबॉर्नवर जिंकला जायचा खरा, पण दादर युनियन आणि शिवाजी पार्क जिमखाना यांच्यात जो जीव खाऊन सामना व्हायचा, तिथे तो जिंकणारा खेळाडू घडलेला असायचा.

त्यातच कॉन्फरन्सचे आयुक्त रॉय क्रेमर यांनी एक जुगार खेळला होता. आर्कान्सा आणि साउथ कॅरोलायना यांना घेऊन बारा संघ केले, दोन गट पाडले आणि १९९२ पासून गटविजेत्यांचा अंतिम सामना सुरू केला. चांगला चाललेला संघ एका जादा सामन्यात हरेल आणि राष्ट्रीय विजेतेपद हातचं जाईल, या भीतीने प्रशिक्षक वैतागले होते. पहिल्याच वर्षी ती भीती खरी ठरता ठरता राहिली. बर्मिंगहॅमच्या थंडीत अपराजित अलाबामा आणि फ्लोरिडा २१-२१ बरोबरीत, शेवटची तीनेक मिनिटं उरलेली, चेंडू फ्लोरिडाकडे. फ्लोरिडाचा क्वार्टरबॅक शेन मॅथ्यूजने बाहेरच्या बाजूला छोटा पास टाकला आणि अलाबामाच्या अँटोनियो लँगहॅमने तो मधल्यामधे उचलून थेट टचडाउन केला. २८-२१. पुढे अलाबामाने मायामीला हरवून राष्ट्रीय विजेतेपद नेलं. तो पास पूर्ण झाला असता, तर हा अंतिम सामना पहिल्याच वर्षी शिव्यांचा धनी झाला असता, असं मला कायम वाटतं.

आता सेबन. ते दक्षिणेत आले ते अलाबामात नव्हे, २००० मध्ये एलएसयूत. एलएसयू हा आडदांड, उत्साही, पण दीर्घकाळ दिशाहीन संघ. बॅटन रूजला आवाजाची कमी कधीच नव्हती. १९८८ मध्ये ऑबर्नविरुद्ध शेवटच्या मिनिटांत टचडाउन झाल्यावर प्रेक्षकांनी जो जल्लोष केला, तो विद्यापीठाच्या भूकंपमापकावर उमटला होता. पण आवाजाने विजेतेपदं येत नसतात. सेबन यांनी लुइझियानातली गुणवान पोरं राज्याबाहेर जाऊ न देण्याचा चंग बांधला आणि २००३ मध्ये एलएसयू विजेता झाला. ते एनएफएलमध्ये निघून गेले तरी घडी बसलेली होती. २००७ मध्ये लेस माइल्स यांच्या हाताखाली तोच संघ दोन सामने हरूनही विजेता ठरला.

त्या वेळी अलाबामा काय करत होती? नियमभंगाची शिक्षा भोगत होती, प्रशिक्षक बदलत होती आणि २००२ पासून दर वर्षी ऑबर्नकडून मार खात होती. शेजारची ऑबर्न २००४ मध्ये अपराजित राहिली, तरी तिला राष्ट्रीय अंतिम सामन्यात जागा मिळाली नाही. ती सल पुढे साऱ्या कॉन्फरन्सने डोक्यात ठेवली. मग जानेवारी २००७ आला. एका आठवड्याच्या आत दोन गोष्टी घडल्या. सेबन अलाबामाला आले, वर्षाला सुमारे चाळीस लाख डॉलर अशा तेव्हा तोंडात बोट घालायला लावणाऱ्या करारावर. आणि ग्लेनडेलला राष्ट्रीय अंतिम सामन्यात फ्लोरिडाने ओहायो स्टेटला गाठलं. सामन्यापूर्वी अनेकांना तिथे फ्लोरिडाऐवजी मिशिगन हवी होती. पहिलीच किक ओहायो स्टेटच्या टेड गिनने परतवून टचडाउन केली. त्यानंतर जे झालं ते आकड्यात सांगतो : ओहायो स्टेटला अख्ख्या सामन्यात ८२ यार्ड मिळाले. त्यांचा हाइझमन विजेता क्वार्टरबॅक ट्रॉय स्मिथ पळत होता आणि फ्लोरिडाच्या बचावातली कडेची पोरं त्याला आडवी करत होती. ४१-१४. दक्षिणेचा वेग देशाने त्या रात्री पाहिला.

अलाबामालाही वर चढण्यासाठी फ्लोरिडाचीच शिडी लागली. २००८ मध्ये अपराजित, अव्वल अलाबामा अटलांटात फ्लोरिडाकडून ३१-२० ने हरली. २००९ मध्ये त्याच मैदानावर, दोघेही अपराजित असताना, अलाबामाने ३२-१३ ने हिशेब चुकता केला आणि फ्लोरिडाचा क्वार्टरबॅक टिम टीबो रडत बाहेर गेला. पुढची दहा-बारा वर्षं अलाबामाची होती, त्यात वाद नाही. २०११ मध्ये तर एलएसयूने साखळीत हरवलेल्या, स्वतःचा गटही न जिंकलेल्या अलाबामाने त्याच एलएसयूला राष्ट्रीय अंतिम सामन्यात २१-० असं चिरडलं. त्या साखळी सामन्याचा गुणफलक ९-६ होता, आणि तेही जादा वेळेत. मी आयुष्यात पाहिलेला तो सर्वांत कंटाळवाणा थोर सामना. अलाबामाने दर्जा ठरवला, पण तिने तो शून्यातून आणलेला नव्हता.

एका संघाने दुसऱ्याला वर ढकलण्याच्या या साखळीचं वंगण म्हणजे अधीरपणा. ऑबर्नने प्रशिक्षक जीन चिझिक यांना विजेतेपदानंतर दोन वर्षांत घालवलं. एलएसयूने एड ऑर्जरॉन यांना २०१९ च्या अपराजित, राष्ट्रीय विजेतेपदाच्या हंगामानंतर दोन वर्षांच्या आत दार दाखवलं. जॉर्जियाने २०१५ मध्ये नऊ सामने जिंकलेले मार्क रिक्ट नारळ देऊन घरी पाठवले आणि सेबन यांचे बचावप्रमुख कर्बी स्मार्ट आणले. अशोभनीय वाटतं, पण २०२१ च्या हंगामात जॉर्जियाने राष्ट्रीय अंतिम सामन्यात अलाबामाला ३३-१८ ने हरवून एक्केचाळीस वर्षांचा दुष्काळ संपवला आणि पुढच्या वर्षी टेक्सास ख्रिश्चनला (टीसीयू) ६५-७ असं लोळवलं.

पैशाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यावर आपण गरजेपेक्षा जास्त लिहितो. दूरचित्रवाणीचा पैसा एसईसी सदस्यांत समान वाटते, म्हणून व्हँडरबिल्टही चांगला प्रशिक्षक ठेवू शकते. २०२४ च्या ऑक्टोबरात तिने अव्वल अलाबामाला ४०-३५ ने हरवलं, आणि पोरांनी गोलपोस्ट उपटून नॅशव्हिलच्या रस्त्यांवरून नेऊन कंबरलँड नदीत टाकले. खेळाडूंना २०२१ पासून आपल्या नावावर कमाई करता येते, संघ बदलणंही सोपं झालंय. त्यामुळे दक्षिणेतला पोरगा पुन्हा उत्तरेला जाऊ लागलाय. २०२३ ला मिशिगन आणि २०२४ ला ओहायो स्टेट विजेते झाले, तेव्हा अंतिम सामन्याला एसईसी प्रेक्षकांत बसली होती, दुसऱ्या वेळी तर टेक्सास आणि ओक्लाहोमा घेऊन सोळा संघांची होऊनही.

म्हणून माझा निवाडा असा : स्परियर यांच्या फ्लोरिडाने दर वाढवला, एलएसयूने तो परवडवून घेतला, अलाबामाने त्यावर मालकी मिळवली आणि जॉर्जियाने वारसा घेतला. पहिलं श्रेय फ्लोरिडाचं. जेवणानंतर खुलं चर्चासत्र आहे. अलाबामावाल्यांनी यावं आणि मला खोडून काढावं, फक्त ट्रॉफ्या मोजून दाखवू नयेत, १९९० ते १९९८ चे गुणफलक सोबत आणावेत.