नवा संगणक सुरू होत नाही तेव्हा



नवा जोडलेला संगणक सुरू झाला नाही, की महागडा भाग बदलण्याची घाई होते. जामखेड-पाथर्डीकडच्या मुलाला नगरची खेप आणि पालकांना भुर्दंड पडतो.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९५६ मध्ये आधी लहान प्रायोगिक संगणक चालवून पाहिला. मोठा 'टिफ्रॅक' १९६० मध्ये सुरू केला. आपणही तोच क्रम धरावा. प्लग काढून मदरबोर्डवर प्रोसेसर, त्याचा पंखा आणि मेमरीची एकच पट्टी ठेवावी. पट्टी खटका वाजेपर्यंत बसवावी. प्रोसेसरची वेगळी वीजजोडणी पाहावी. ती पुष्कळदा राहून जाते. यंत्र चालले, की दर वेळी प्लग काढून एकेक भाग वाढवावा. जिथे अडेल, तिथे दोष शोधावा.

एवढे जमले, तर पैसा वाचेल आणि अभ्यासही खोळंबणार नाही.