बालकांची छायाचित्रे आणि वडीलधाऱ्यांची जबाबदारी

पूर्वी बारशाचे किंवा शाळेच्या पहिल्या दिवसाचे छायाचित्र घरच्या अल्बममध्ये चिकटवले जाई. तो अल्बम कोणास दाखवावयाचा, हे घरची माणसे ठरवीत. आज तेच छायाचित्र भ्रमणध्वनीवरून नातेवाइकांच्या गटात जाते आणि तेथून अनोळखी माणसांपर्यंत पोहोचते. एकदा हातचे गेलेले चित्र मग परत मागता येत नाही.

छायाचित्रात केवळ चेहरा नसतो. गणवेशावरील बिल्ल्यावरून शाळा कळते आणि केकवरून नाव व वय कळते. भ्रमणध्वनीतील स्थाननोंद चालू असल्यास मूळ छायाचित्राबरोबर ते टिपल्याची जागाही नोंदली जाते. तान्ह्याच्या आंघोळीचे चित्र आईच्या लेखी कौतुकाचे असते. परक्याच्या हाती ते तसेच राहील, याची शाश्वती कोणी द्यावी?

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. भारताने १९९२ मध्ये स्वीकारलेल्या बालहक्क संहितेच्या १६ व्या अनुच्छेदानेही हा हक्क बालकास दिला आहे. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये १८ वर्षांखालील व्यक्तीच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. मात्र व्यक्तीने खासगी वा घरगुती कारणासाठी केलेला वापर या अधिनियमाच्या कक्षेबाहेर ठेवला आहे. म्हणजेच उंबरठ्याच्या आतील राखण पालकांनीच करावयाची आहे.

शाळा आणि ग्रामपंचायत यांची जबाबदारीही लहान नाही. गणवेश अथवा वह्या स्वीकारणाऱ्या मुलीचे छायाचित्र नावासह प्रसृत होते. देणाऱ्याचा सन्मान एका दिवसाचा असतो; परंतु गरजू म्हणून झालेली तिची ओळख तिच्या वर्गमित्रांच्या भ्रमणध्वनीत वर्षानुवर्षे राहते. अशा प्रसंगी वाटपाच्या साहित्याचे किंवा पाठमोऱ्या मुलांचे छायाचित्र पुरेसे असते. चेहरे दाखवणे आवश्यकच असेल, तर पालकांची लेखी संमती घ्यावी आणि चित्राखाली नाव देऊ नये.

घरात यापेक्षाही सोपा उपाय आहे. छायाचित्र पाठविण्यापूर्वी कळत्या मुलास विचारावे आणि त्याने नकार दिल्यास तो मानावा. घरात ज्याचा नकार मानला जातो, ते मूल बाहेरही परक्या माणसास नकार देण्यास कचरत नाही. बालकाच्या संरक्षणाचा आरंभ तेथूनच होतो.