चिठ्ठीचं राज्य



व्याख्यानमालेच्या पत्रिकेत माझा विषय 'बॅरिस्टर अंतुले : उदय आणि अस्त' असा छापलाय. विषय कार्यकर्त्यांचा आहे. मी म्हटलं, तुम्ही काहीही छापा, बोलायचं ते मी बोलणारच. चाळीस वर्षं कोर्टात याशिवाय दुसरं काय केलं? (हशा)

रायगड जिल्ह्यात उभं राहून अंतुल्यांवर बोलायचं म्हणजे दोन्हीकडून मार खायची तयारी ठेवावी लागते. समोर निम्मे शेकापवाले बसलेत, त्यांना मी बरं बोललेलं खपणार नाही. उरलेल्यांच्या घरी भिंतीवर साहेबांबरोबरचा फोटो आहे, त्यांना वाईट बोललेलं चालणार नाही. बाकीचे चहासाठी थांबलेत. (हशा)

आंबेत गाव, विलायतेची बॅरिस्टरी, 1962 ला श्रीवर्धनची आमदारकी, पुढे मंत्रिपद, विधी व न्याय खातं, 1976 ला राज्यसभा, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. ते सोडतो. 9 जून 1980 ला ते मुख्यमंत्री झाले. महाराष्ट्राचे पहिले मुसलमान मुख्यमंत्री, आणि आजवर तरी एकमेव. दोन आठवड्यांत, 23 जूनला, संजय गांधी विमान अपघातात गेले, आणि इथून पुढे योजनांना कोणाची नावं पडणार ते ठरून गेलं. संजय गांधी निराधार योजना त्यांचीच. आज गावातली एखादी विधवा म्हातारी तहसीलच्या पायरीवर बसून 'संजय गांधीचे पैसे आले का' विचारते, ते अंतुल्यांमुळे. आपण कुलाबा जिल्ह्याचे रायगड जिल्ह्याचे झालो ते त्यांच्यामुळे. सिंधुदुर्ग आणि जालना हे जिल्हे 1981 मध्ये त्यांनीच केले. इंग्लंडहून भवानी तलवार आणतो म्हणाले, ती काही आली नाही. पण माणूस निर्णय घ्यायला कचरत नव्हता, एवढं शेकापवाल्यांनीही मान्य करायला हरकत नाही. (टाळ्या. एक आवाज : ''करतो, करतो!'')

आता मला जे सांगायचंय त्याकडे येतो. अंतुल्यांचा अस्त अंतुल्यांपासून सुरू होत नाही. तो चिठ्ठीपासून सुरू होतो. आमदाराचं काम कायदे करण्याचं, असं नागरिकशास्त्राच्या पुस्तकात लिहिलंय. ते पुस्तक वाचलेल्या किती जणांनी आपल्या आमदाराला एखाद्या विधेयकाबद्दल विचारलं? हात वर करा. (शांतता, मग हशा) बघा. आपण आमदाराकडे चिठ्ठी मागायला जातो.

तरुण मंडळींना सांगायला हवं, कारण त्यांना वाटतं सिमेंट दुकानात मिळतं. तेव्हा सिमेंट कंट्रोलमध्ये होतं. भाव सरकार ठरवणार, कोणाला किती द्यायचं तेही सरकार ठरवणार. 1979 साली माझ्या वडिलांनी माणगाव तालुक्यात घर बांधायला काढलं. वडील प्राथमिक शिक्षक. जोतं झालं, भिंती उठल्या, स्लॅबपाशी गाडं अडलं. तहसीलदार कचेरीत अर्ज, त्याला तलाठ्याचा दाखला, मग कोणीतरी येऊन बांधकाम खरंच चालू आहे का ते बघून जाणार. एवढं करून परमिट मिळालं, तर डीलर म्हणाला, गुरुजी, परमिट आहे पण माल नाही. गावातल्या एका जाणकाराने सल्ला दिला, आमदाराची चिठ्ठी आणा.

म्हणून वडील मला घेऊन मुंबईला आमदार निवासात गेले. कुठले आमदार ते सांगत नाही, अंतुले नव्हेत. खोलीबाहेर व्हरांड्यात सतरंज्यांवर माणसं झोपलेली. कोणाच्या उशाशी आंब्याची करंडी, कोणाच्या उशाशी मुलाची मार्कशीट. सकाळी आमदार आंघोळीला गेले तेव्हा त्यांचा पीए दाराशी टेबल टाकून बसला. टेबलावर लेटरहेडचा गठ्ठा, आणि प्रत्येक कागदावर खाली सही आधीच केलेली! वर सगळं कोरं. पीए मान वर न करता विचारायचा, ''काय? सिमेंट, गॅस, की ॲडमिशन?'' वडील म्हणाले, वीस पोती हवीत. त्याने पन्नास लिहिली. वडील घाबरले, म्हणाले, अहो, एवढी नकोत. तो म्हणाला, ''गुरुजी, वीस लिहिली तर दहा मिळतात.''

पंचवीस मिळाली. त्यातल्या पाच पोत्यांचे ओल लागून दगड झाले होते. आमच्या घराच्या पुढच्या अंगाला स्लॅब आहे आणि मागच्या अंगाला अजून कौलं. (हशा) हसू नका, कौलाखाली उन्हाळ्यात बरं वाटतं. सांगायचं ते पुढे आहे. वडिलांनी त्या आमदाराला आयुष्यभर मत दिलं. विधानसभेत ते काय बोलले, बोलले की नाही, याची चौकशी वडिलांनी कधी केली नाही. वडील अप्रामाणिक नव्हते, शाळेचा खडूसुद्धा घरी आणला नाही त्यांनी. पण पंचवीस पोत्यांचं ओझं त्यांच्या मनावर होतं.

(घड्याळ बघत) हे जरा लांबलं.

तर अंतुल्यांनी नवं काय केलं? त्यांनी चिठ्ठीला पावती जोडली. इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान आणि असे आणखी काही न्यास निघाले. बिल्डरांना सिमेंटचा कोटा मिळत होता आणि बिल्डरांकडून न्यासाला देणग्या येत होत्या. साखर कारखान्यांकडूनही आल्या. आणि पैसे पेटीतून नव्हते येत, चेकने येत होते! 31 ऑगस्ट 1981 ला अरुण शौरींनी 'इंडियन एक्स्प्रेस'मध्ये हे प्रकरण छापलं. प्रा. पु. बा. सामंत आणि इतर मंडळी हायकोर्टात गेली. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्यापुढे जी कागदपत्रं आली, त्यांत मुख्य गोष्ट तारखांची होती. देणगी कधी दिली, कोटा कधी मिळाला, दोन्ही शेजारी ठेवून बघायचं. 12 जानेवारी 1982 ला निकाल लागला. देणगीचा आणि सिमेंटचा संबंध आहे, असं न्यायमूर्तींनी म्हटलं. अंतुल्यांनी राजीनामा दिला.

(श्रोत्यांतून : ''पैसे त्यांनी स्वतः खाल्ले का?'')

नाही, तसं मी म्हटलं नाही. पैसे न्यासात गेले.

(''आंबेतचा पूल कोणामुळे झाला ते पण सांगा!'')

सांगतो की. त्या पुलावरून मी दरवर्षी मंडणगडला जातो, साहेबांची आठवण काढूनच जातो. पण तुम्ही आत्ता जे केलंत ना, तेच मी मघापासून सांगतोय. मी कोट्याबद्दल बोललो, तुम्ही मला पूल दाखवलात. वडील पंचवीस पोती दाखवायचे. (हशा, काही ठिकाणी कुरबूर) रागावू नका. हा प्रश्न एका पक्षाचा असता तर मी एवढा प्रवास करून आलो नसतो.

आणि विधानसभेने काय केलं? 1980 ला काँग्रेसच्या 288 पैकी 186 जागा होत्या. त्या सभागृहाने मुख्यमंत्र्याला घालवलं नाही. एका वर्तमानपत्राने आणि एका न्यायमूर्तीने घालवलं. घालवणार तरी कसं? व्हरांड्यातल्या सतरंज्या सगळ्यांच्याच दारात होत्या.

याच्यापुढचं ऐका. राजीनाम्यानंतर साधारण दीड महिन्याने, 28 फेब्रुवारी 1982 ला, केंद्राने सिमेंटवरचा कंट्रोल सैल केला. कारखान्यांना उत्पादनाचा साधारण तिसरा हिस्सा खुल्या बाजारात विकायला मुभा मिळाली. 1989 मध्ये कंट्रोल पूर्ण उठला. ज्या वस्तूपायी मुख्यमंत्री गेला ती वस्तू दुकानात आली. चिठ्ठी मात्र राहिलीच. सिमेंटवरून गॅसवर गेली, गॅसवरून टेलिफोनवर, आता बदल्यांवर आणि हॉस्पिटलच्या खाटेवर...

(कार्यकर्त्याने व्यासपीठावर कागद आणून दिला.)

ही बघा, आली चिठ्ठी! 'सात मिनिटे.' (मोठा हशा) यावर सही पण नाही. आमदार निवासातल्या त्या पीएच्या कागदावर सही आधीच असायची.

मग खटल्याचं धावतं सांगतो, खरं तर त्यावर वेगळं व्याख्यान लागेल. भाजपचे रामदास नायक यांनी फौजदारी फिर्याद लावली. विशेष न्यायाधीशांनी 1983 मध्ये अंतुल्यांना सोडून दिलं. कारण दिलं ते असं, की अंतुले अजून आमदार आहेत, आमदार हा लोकसेवक, आणि लोकसेवकावर खटला चालवायला लागणारी मंजुरी घेतलेली नाही. नायक सुप्रीम कोर्टात गेले. 16 फेब्रुवारी 1984 ला पाच न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितलं, भारतीय दंड संहितेच्या अर्थाने आमदार हा लोकसेवक नव्हेच! (हशा) तुम्ही हसलात, पण कायद्याच्या दृष्टीने ते नीट होतं. कोर्टाचं म्हणणं, आमदाराला सरकार नेमत नाही, तो सरकारच्या हाताखाली नाही, त्याचं मानधन म्हणजे सरकारी नोकराचा पगार नव्हे. मुख्यमंत्रिपद तर आधीच गेलेलं, त्यामुळे मंजुरीचा प्रश्न मिटला. खटला लवकर निकालात निघावा म्हणून कोर्टाने तो विशेष न्यायाधीशाकडून थेट हायकोर्टाकडे दिला. तिथे आरोपनिश्चिती झाली. आणि 1988 मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने म्हटलं, आमचं 1984 चं ते वर्ग करणंच चुकलं, कायद्याने हा खटला विशेष न्यायाधीशापुढेच चालायचा होता, आरोपीचा हक्क आमच्या हातून गेला. वकील मंडळी अजून हा निकाल काढतात, सुप्रीम कोर्टाने स्वतःची चूक दुरुस्त केल्याचा दाखला म्हणून. अंतुल्यांना शेवटपर्यंत शिक्षा झाली नाही. आणि आमदार-खासदार लोकसेवक आहेत की नाहीत? 1988 च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याने व्याख्या रुंद केली, आणि 1998 मध्ये नरसिंह राव यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने त्या कायद्यापुरतं 'आहेत' असं सांगितलं. म्हणजे एवढं ठरवायला आपल्याला सोळा-सतरा वर्षं लागली.

मतदारांना एवढा वेळ लागला नाही. 1989 ला इथूनच त्यांना लोकसभेवर पाठवलं, पुन्हा 1991 ला, 1996 ला, 2004 ला. केंद्रात आरोग्यमंत्री झाले, 2006 ला अल्पसंख्याक खात्याचे मंत्री झाले. 2009 ला अनंत गीत्यांनी हरवलं. 2 डिसेंबर 2014 ला गेले. मुंबईचे पत्रकार विचारतात, कोकणातल्या लोकांनी त्यांना माफ कसं केलं? मला हा प्रश्नच चुकीचा वाटतो. माफ करायला आधी राग यावा लागतो. आपल्याला राग कुठे आला होता? सिमेंट मुंबईच्या बिल्डरांना गेलं होतं आणि रस्ता आपल्याकडे आला होता.

(अध्यक्ष घड्याळ दाखवतात.) हो, हो, थांबतो. तलवारीचं राहिलं, लेंटिन साहेबांबद्दलही बोलायचं होतं, ते आता चहाच्या वेळी. कार्यकर्ते म्हणतात प्रश्न कागदावर लिहून पाठवा. माझी विनंती आहे, चिठ्ठ्या नकोत. ज्याला विचारायचंय त्याने उभं राहून, नाव सांगून विचारावं. पुलावाले काका, आधी तुम्ही.