म्हातारें कुत्रें पायांत कां घोटाळतें?

महाभारताच्या शेवटीं, महाप्रस्थानिक पर्वांत, हिमालय चढून जाणाऱ्या युधिष्ठिराच्या मागोमाग एक कुत्रें जातें. द्रौपदी पडते, चौघे भाऊ एकामागून एक पडतात. कुत्रें मात्र त्याची पाठ सोडीत नाहीं. पुढें तें कुत्रें म्हणजे साक्षात् धर्म असल्याचें उघड होतें. ही कथा पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलेल्या समाजाला मागें मागें येणाऱ्या कुत्र्यांत निष्ठा दिसावी, हें स्वाभाविकच आहे. निष्ठा असतेहि. परंतु दहा-बारा वर्षें घरांत आपल्याच तोऱ्यानें वावरलेलें कुत्रें जेव्हां एकाएकीं घरच्या एका माणसाला बिलगूं लागतें, क्षणभरहि त्याला नजरेआड होऊं देत नाहीं, तेव्हां त्या वागणुकीला निष्ठेचें नांव देऊन स्वस्थ बसलें तर त्या मुक्या प्राण्यावर अन्याय होण्याचा संभव असतो. बारा वर्षांच्या सहवासानंतर प्रेम असें एका पंधरवड्यांत दुणावत नाहीं. वाढलेली असते ती गरज, आणि ती कसली हें शोधून काढावें लागतें.

पुण्यांतील एखादें घर डोळ्यांपुढें आणावें. दुसऱ्या मजल्यावरचें बिऱ्हाड, गुळगुळीत फरशी; घरांत आजोबा, मुलगा, सून, शाळेंत जाणारी नात, आणि बारा वर्षांचा मोती. दुपारीं गॅलरींत निजावें, संध्याकाळीं फिरून यावें, रात्रीं दाराशीं पडून राहावें, असा मोतीचा क्रम. लाड करून घेण्याची त्याला फारशी हौस कधींच नव्हती. तो आश्विन संपतां संपतां आजोबांच्या मागें लागला. ते स्वयंपाकघरांत गेले कीं हा स्वयंपाकघरांत, ते न्हाणीघरांत गेले कीं हा दाराशीं कण्हत उभा. आजोबांना मनांतून बरें वाटलें. उतारवयांत आपण कोणाला इतके हवेसे आहों, हें सुख कांहीं लहान नव्हे. सून मात्र धास्तावली. "बाबा, हा रात्रीं तुमच्या पायांत येतो, एखादे दिवशीं अडखळून पडाल," असें तिनें दोनदां बजावलें. आणि एका रात्रीं तसेंच झालें. दिवा न लावतां आजोबा उठले, पाय मोतीवर पडला, भिंतीचा आधार मिळाला म्हणून निभावलें. दुसऱ्या दिवसापासून मोतीला रात्रीं गॅलरींत कोंडावयाचें ठरलें, आणि मोती रात्रभर दार ओरबाडीत राहिला.

घरांतल्या कोणालाच दोष देतां येणार नाहीं. परंतु एक गोष्ट राहून गेली होती. मोती आजोबांना सोडीत नाहीं एवढेंच सर्वांच्या लक्षांत आलें. तो केव्हां सोडीत नाहीं, कोठें सोडीत नाहीं, हें कोणीं पाहिलें नव्हतें. तें नातीनें पाहिलें. भिंतीवरच्या कॅलेंडरावर तिनें आठ दिवस वेळा टिपून ठेवल्या, आणि त्यांवरून असें दिसलें कीं सकाळीं व दुपारीं मोती जवळ जवळ पूर्वींसारखाच असतो. दिवेलागण झाली कीं त्याची चुळबूळ सुरू होते. जिन्याच्या पहिल्या पायरीशीं तो थबकतो. आणि आजोबा अंधाऱ्या बोळांतून जाऊं लागले म्हणजे त्यांच्या पोटरीला अगदीं खेटून चालतो. पशुवैद्याला घरच्या मंडळींच्या तर्कांपेक्षां अशा टिपणाचा, किंवा फोनवर घेतलेल्या दोन मिनिटांच्या चित्रफितीचा, कितीतरी अधिक उपयोग होतो. कारण त्याच्या मेजावर उभें केलेलें कुत्रें घरच्यासारखें वागत नाहीं.

संध्याकाळीं वाढणारी बिलगण पहिल्यानें डोळ्यांकडे बोट दाखविते. सहासात वर्षांनंतर कुत्र्याच्या डोळ्यांत जी निळसर, धुरकट छटा दिसूं लागते, तिला घरोघर सरसकट मोतिबिंदु म्हणतात. पण पुष्कळदां तो मोतिबिंदु नसतो. डोळ्यांतील भिंग वयाबरोबर दाट होत जातें, त्याची ती छटा असते. तींतून प्रकाश जातो आणि कुत्र्याचें भागतें. खरा मोतिबिंदु पांढरा असतो व प्रकाश अडवितो. मधुमेह झालेल्या कुत्र्यांत तो फार झपाट्यानें वाढूं शकतो. तिसरा प्रकार दृष्टिपटलाच्या झिजेचा. त्यांत कित्येकदां रात्रीची दृष्टि आधीं जाते आणि दिवसाची मागाहून. अशा कुत्र्याचें घर रोज सूर्यास्ताला नाहींसें होतें, आणि ओळखीचा माणूस हीच त्याची आंधळ्याची काठी होते.

कानांचें दुखणें याहून लपून राहतें. डोळे मिटून पडलेलें तरुण कुत्रें खरोखर सगळ्या घरावर लक्ष ठेवून असतें. कोण स्वयंपाकघरांत आहे, कोण जिना चढत आहे, हें त्याला पावलांवरून निजल्या जागीं कळतें; म्हणून उठून पाहण्याचें त्याला कारण पडत नाहीं. वयानें कान गेले कीं ही बातमी बंद होते. मग माणूस घरांत आहे याची खात्री करून घेण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे त्याला डोळ्यांसमोर ठेवणें. घरच्यांना वाटतें, कुत्रें हट्टी झालें. हांकेला ओ देत नाहीं आणि वर पाठ सोडीत नाहीं. या दोन तक्रारी एकाच कारणाच्या असूं शकतात. पारख करावयाची तर जवळ जाऊन टाळी वाजवूं नये, कारण हवेचा झोत आणि फरशीचा कंप त्याला कळतो. पाठमोरें असतां दुसऱ्या खोलींतून हांक मारून पाहावी. आणि लहान मुलांना एक गोष्ट निक्षून सांगावी, कीं निजलेल्या बहिऱ्या कुत्र्याला एकदम हात लावावयाचा नाहीं. दचकून तें चावा घेईल, आणि त्यांत त्याचा अपराध नसेल.

सर्वांत अधिक हुकतें तें सांध्यांचें दुखणें. कुत्रें दुखण्यानें केकाटलेंच पाहिजे अशी समजूत आहे. वस्तुतः जुन्या संधिवाताचें कुत्रें बहुधा आवाज करीत नाहीं. तें उठतांना वेळ घेतें, गुळगुळीत फरशीवर पाय फांकवून उभें राहतें, एकच सांधा चाटीत बसतें, विसाव्यांतहि धापा टाकतें, रात्रीं जागा बदलीत राहतें. इंग्लंडांतील लिंकन विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०१८ सालीं आवाजाला भिणाऱ्या २० कुत्र्यांच्या नोंदी तपासल्या. त्यांतील निम्म्यांना हाडांचें किंवा स्नायूंचें दुखणें होतें, आणि या दुखणाइतांत आवाजाची भीति सरासरीनें सुमारें चार वर्षें उशीरा सुरू झालेली आढळली. त्याचा उलगडा त्यांनीं असा सुचविला कीं, मोठ्या आवाजानें कुत्रें दचकतें, अंग आंखडतें, दुखऱ्या सांध्यांतून कळ निघते, आणि पुढें आवाज व कळ यांची सांगड बसते. अकरा दिवाळ्या निर्धास्तपणें पाहिलेलें कुत्रें बाराव्या दिवाळीला फटाक्यांनीं थरथरूं लागून माणसाच्या कुशींत शिरतें, तेव्हां हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. मात्र घरांतल्या डब्यांतली वेदनाशामक गोळी त्याला देऊं नये. माणसाला सोसणाऱ्या आयब्युप्रोफेननें कुत्र्याच्या जठराला व्रण पडतात आणि मूत्रपिंडें निकामी होऊं शकतात.

मेंदूचें म्हातारपण ही गोष्ट आतां पुष्कळांच्या कानांवर आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यकांनीं २००१ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत, ११ ते १२ वर्षांच्या कुत्र्यांपैकीं शेंकडा २८ मध्यें, आणि १५ ते १६ वर्षांच्यांपैकीं शेंकडा ६८ मध्यें, बुद्धिमांद्याचें निदान एक तरी लक्षण आढळलें. असें कुत्रें कोपऱ्यांत तोंड करून उभें राहतें, दार उघडण्याच्या बाजूऐवजीं बिजागरीच्या बाजूस वाट पाहातें, दिवसा झोंपून रात्रीं येरझारा घालतें, घरांत घाण करतें. कधीं माणसाला चिकटतें, तर कधीं अगदीं अलिप्त होतें. माणसाच्या अल्झायमरांत सांपडणारे बीटा-अॅमिलॉइडचे थर या मेंदूंतहि सांपडतात. व्याधि बरी होत नाहीं, पण आहारानें, नियमित दिनक्रमानें, आणि कांहीं कुत्र्यांत अमेरिकेंत १९९८ सालीं मान्यता मिळालेल्या सेलेजिलिन या औषधानें तिची तीव्रता कमी करतां येते. हें निदान मात्र शेवटीं करावयाचें असतें. डोळे, कान, सांधे, रक्त, लघवी यांची तपासणी होण्याआधींच "वय झालें" म्हणून मोकळें होणारा मालक, आणि क्वचित् तसा वैद्यहि, बऱ्या होणाऱ्या दुखण्यावर पाणी सोडतो.

बिलगण्याबरोबर तहान फार वाढली असेल तर मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार किंवा कुशिंगचा रोग यांची शंका घ्यावी. हिरड्या पांढुरक्या पडल्या, पोट फुगलें किंवा कुत्रें कोलमडलें, तर त्याच दिवशीं वैद्याकडे न्यावें.

कधीं कारण शरीरांत नसून घरांत असतें. मुलगा परगांवीं गेला, घर बदललें, जोडीचें कुत्रें गेलें. इटलींत ४२६ कुत्र्यांच्या मालकांकडून माहिती घेऊन २०२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत, सोबतचें कुत्रें मेल्यावर मागें राहिलेल्याच्या वागण्यांत फरक पडला असें शेंकडा ८६ मालकांनीं सांगितलें. अधिक लक्ष मागणें हा त्यांतला एक ठळक फरक.

भ्यालेल्या कुत्र्याला जवळ घेतलें तर त्याची भीति वाढते, हा समज अजून पुष्कळ घरांत आहे. तो चुकीचा आहे. भीति ही कांहीं शिकविलेली कसरत नव्हे, कीं खाऊ दिला म्हणजे ती पुन्हां करून दाखवावी. उलट, आधीच घाबरलेल्याला एकट्यानें कोंडण्यानें तें अधिक घाबरतें.

मोतीला पशुवैद्याकडे नेलें तेव्हां दोन्ही गोष्टी निघाल्या: दृष्टिपटलाची झीज, आणि मागच्या पायांच्या खुब्यांत संधिवात. डोळ्यांवर इलाज नव्हता, खुब्यांवर होता. बोळांत रात्रभर एक मंद दिवा जळूं लागला. फरशीवर रबरी पाठीच्या, न सरकणाऱ्या चटया आल्या. घरांतलें सामान जागचें हलवावयाचें नाहीं, पाण्याचें भांडें तर नाहींच, असें ठरलें. मोतीचें अंथरूण गॅलरींतून उचलून आजोबांच्या खोलींत, पण पलंगाच्या वाटेंतून बाजूला, भिंतीशीं घातलें आणि त्यावर आजोबांचा एक वापरलेला सदरा टाकला. कारण डोळे गेले तरी नाक पुष्कळ दिवस साथ देतें. आजोबा रात्रीं उठतांना आतां आधीं दिवा लावतात. मोती डोकें उचलून पाहातो. कधीं उठतो, चटईच्या शेवटापर्यंत जातो, आणि न्हाणीघराचें दार उघडेपर्यंत तेथेंच बसून राहातो.