वास आला की गाडी थांबवा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाला भरतकामावर नाहीतर पाककृतींवर बोलावे, असा आपला रिवाज. मी मोटारगाडीवर बोलणार हे ऐकून काहीजणी हसल्या. हसा, पण ऐकून घ्या. मला गाडी चालवता येत नाही. परंतु मागच्या मे महिन्यात आमच्यावर जो प्रसंग आला, त्यात गाडीच्या दुखण्याइतकेच माझे गप्प बसणेही कारण होते. म्हणून आज बोलते.

आम्ही पालला निघालो होतो. हे, मी, सासूबाई आणि दोन मुले. गाडी बावीस वर्षांची. रावेर सोडून केळीच्या बागांमधून जात असताना मला करपल्याचा वास आला. मी म्हटले, “अहो, काहीतरी जळते आहे.” हे म्हणाले, “बाहेरून येतो आहे. कोणी बांधावर वाळली पाने पेटवली असतील.” आपल्याकडे हे काही अशक्य नाही. मी गप्प बसले. पुढे बागा मागे पडल्या, सातपुड्याचा चढ लागला, तरी वास सोबत होताच. आता पेटवायला केळीची पाने कुठली? पण एकदा बोलून झाले, पुन्हा कशाला बोलायचे, असे मला वाटले.

चढावर उष्णतेचा काटा वर सरकू लागला. तेव्हा मात्र यांनी गाडी सावलीत उभी केली. आमच्या मामंजींची पूर्वी पद्मिनी होती. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी काढलेल्या कारखान्यात, मुंबईला कुर्ल्यास बनणारी ती गाडी. तिचे उत्पादन थांबले, ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या टॅक्सींतूनही ती गेली. पण उन्हाळ्यात पाण्याचा डबा घेतल्याशिवाय निघायचे नाही, ही मामंजींची शिस्त आमच्या घरात राहिली. इंजिन निवल्यावर पाणी घातले, काटा खाली आला, आणि सगळ्यांना वाटले दुखणे बरे झाले. वास कुठून येत होता, हे कोणी पाहिलेच नाही.

परतताना उतारावर तोच वास, पहिल्यापेक्षा उग्र. मागे बसलेला मुलगा म्हणाला, “आई, चाकातून धूर!” आणि त्याच वेळी हे म्हणाले, “ब्रेकचे पेडल खाली जाते आहे.” भगिनींनो, त्या क्षणी माझ्या हातापायांतले बळ गेले. यांनी घाबरून न जाता एकेक गिअर खाली आणला, पेडल पुन्हा पुन्हा दाबले, आणि गाडी डोंगराच्या अंगाला घेत घेत थांबवली. मी उतरून चाकांना दगड लावले. सासूबाई खाली बसल्या आणि हळूच म्हणाल्या, “वास मलाही येत होता गं. पण म्हटले, तुम्हाला कळत असेल.” म्हणजे गाडीत दोन बायका, दोघींना वास, आणि दोघीही गप्प!

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी मागचे डावे चाक खोलून दाखवले. चाकाच्या आतला ब्रेकचा लहान सिलिंडर गंजून अडकला होता. पाय पेडलवरून काढला तरी ब्रेक सुटत नव्हता. लायनर ड्रमला घासतच होता. म्हणजे जाताना गाडी ब्रेक लावूनच चढ चढत होती. म्हणून इंजिनाला जास्त ओढ पडली आणि काटा चढला. रोग चाकात, आणि आम्ही औषध दिले इंजिनाला!

मग पेडल का खाली गेले? ब्रेकचे तेल हवेतला ओलावा शोषून घेते, उघड्या बरणीतल्या मिठासारखे. डॉट ३ जातीचे नवे तेल निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात शेकडा ३.७ इतके पाणी मुरले की १४० अंशांच्या आसपासही उकळू शकते. उकळले की वाफ होते. वाफ दाबली जाते, आणि पायाचा जोर चाकापर्यंत पोचत नाही. हे तेल साधारण दोन वर्षांनी बदलावे लागते. आमच्या घरी ते शेवटचे केव्हा बदलले, कोणाला आठवत नव्हते. दोष आमचाच.

त्यानंतर मी मिस्त्रींना खोदून खोदून विचारले. जे समजले ते आपल्या घरगुती भाषेत सांगते.

काकवीसारखा गोडसर वास आणि बोनेटमधून वाफ आली, तर रेडिएटरचे कुलंट गळते आहे. एसी बंद करावा, गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे. रेडिएटरचे झाकण मात्र उघडू नये. प्रेशर कुकरसारखेच आत दाबाखालचे पाणी असते आणि ते शंभर अंशांच्या वर तापलेले असते. शिटी न काढता कुकर उघडला तर काय होते, ते इथे कोणाला सांगायला नको. अर्धा-पाऊण तास थांबावे, इंजिन निवले की मगच हात लावावा. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतले तर त्याला तडा जाऊ शकतो. बोअरचे पाणी रोज वापरू नये. आपल्या भांड्यांच्या बुडाशी पांढरा थर धरतो, तसाच तो रेडिएटरच्या नळ्यांत धरतो.

रबर जळल्याचा वास आणि किरकिर आवाज आला, तर पट्टा घसरतो आहे. फोडणीचे तेल जळल्यासारखा वास आला, तर इंजिनाचे तेल गळून तापलेल्या सायलेन्सरच्या नळीवर पडत असावे. चढावर अर्धा क्लच दाबून गाडी धरून ठेवली की क्लचप्लेट जळते. तो वास जळक्या कागदासारखा येतो. अशा वेळी थांबावे, प्लेट निवू द्यावी.

वायरीचे प्लास्टिक जळल्याचा वास सर्वांत वाईट. पेट्रोलचा वासही तसाच. गाडी थांबवून चावी बंद करावी, आधी मुले आणि म्हातारी माणसे उतरवावीत, सामान राहू द्यावे, आणि सगळ्यांनी दूर जाऊन उभे राहावे. धूर येत असताना बोनेट सताड उघडू नये, वारा लागून भडका उडतो. आणि फ्यूज सारखा उडतो म्हणून मोठा फ्यूज किंवा तार कधीही घालू नये.

चाकाचा संशय असेल तर गाडी थांबल्यावर चारही चाकांजवळ तळहात न्यावा, तवा तापला का ते पाहतो तसा. स्पर्श करू नये. एकच चाक बाकीच्यांपेक्षा जास्त धगधगत असेल तर तिथे ब्रेक अडकला आहे. त्यावर पाणी ओतू नये, आपोआप निवू द्यावे. हँडब्रेक ओढून ठेवू नये, दगड लावावा. आणि पेडल एकदा खाली गेले असेल, तर निवल्यावर ते घट्ट लागले तरी गाडी पुढे नेऊ नये, मिस्त्रींना बोलवावे. आम्ही तेच केले. घरी दुसऱ्या गाडीने आलो.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. पुष्कळ घरी गाड्या जुन्या आहेत, आणि नवी घेणे सर्वांना जमत नाही. जुनी गाडी असणे हा काही दोष नाही. तिची चौकशी न करणे हा दोष आहे. लग्नसराईच्या आधी ब्रेकचे तेल, कुलंट आणि पट्टा एकदा पाहून घ्या, असे घरात सांगा.

आणि एक विनंती. दूध उतू जाण्याआधी, भाजी लागण्याआधी आपल्याला वास कळतो. दिवाणखान्यात बसूनही कळतो. गाडीत बसल्यावर मात्र आपण समजतो की हा पुरुषांचा प्रांत. हे वाईट नाहीत, कोणाचे ऐकत नाहीत असेही नाही. मी दुसऱ्यांदा म्हटले असते तर गाडी थांबली असती, हे त्यांनीच मला नंतर सांगितले. आता आमच्या घरी नियम आहे. गाडीत कोणालाही, अगदी लहान मुलालाही वास आला, तर गाडी थांबते. कारण नंतर शोधतात.